टाका तिचा, लेबल तुमचं

पाच हजार चारशे. पिशवीच्या कानाला सुतळीनं बांधलेल्या खाकी चिठ्ठीवर हा आकडा होता आणि आकड्याखाली लिहिलं होतं : व्हिंटेज.

गोष्ट गेल्या डिसेंबरातली. पुण्यात पोरांनी कविता वाचायला बोलावलं होतं. कार्यक्रम संध्याकाळी, मी सकाळीच उतरलेलो. पाय नेतील तिकडं फिरत होतो. एका लॉनच्या दाराशी बोर्ड दिसला. हँडमेड आणि व्हिंटेज वस्तूंचा हिवाळी मेळा, करणाऱ्यांच्या हातून थेट. तिकीट १०० रुपये. जिनिंगमध्ये माझा रोज ४५०. तरी काढलं. म्हटलं, करणारी माणसं कशी असतात ते पाहू. आपणही करणारेच.

आत तंबू, कंदील, गिटार. साबण विकणारे, मेणबत्त्या विकणारे, मातीची कर्णफुलं विकणारे. एकीनं जात्याच्या पाळूचं टेबल केलेलं. एकाकडं कल्हई उडालेली पितळी पातेली, इनॅमलच्या थाळ्या, पत्र्याची ट्रंक. आमच्या घरातून भंगारवाल्यानं किलोवर नेलं ते सगळं तिथं ओळीनं मांडून ठेवलेलं, आणि लोक त्याच्याशी असे हळू बोलत होते की जणू आजारी माणसाला भेटायला आलेत. मला हसू आलं. मग ती पिशवी दिसली आणि हसू गेलं.

चामड्याची पिशवी. तिच्या झाकणावर वीतभर कापड शिवलेलं. लाल जाडं कापड, त्यावर पिवळा-निळा दोरा, बारा आरसे, काठाला कवड्या. मी हात लावला. फेटिया. बंजारा बाईचा घागरा. कापून तुकडा केलेला.

विकणारी पोरगी चांगली होती, हसून बोलली. म्हणाली, "पन्नास-साठ वर्षं जुना पीस आहे सर, ट्रायबल. असा दुसरा मिळणार नाही." मी विचारलं, कुणी भरला? म्हणाली, "आमच्या स्टुडिओतच बनते." मी म्हटलं, पिशवी नाही, हे भरतकाम. तिनं चिठ्ठी उलटून पाहिली. चिठ्ठीच्या मागे तिचंच नाव होतं.

मी भांडलो नाही. हे कबूल करतो, कारण आपल्यात बसून लिहिताना सगळेच वाघ होतात. माझ्या बुटाचा तळवा उसवलेला होता आणि मागे गिऱ्हाईक उभं होतं. मी सरकलो. संध्याकाळी कविता वाचली, टाळ्या घेतल्या, रात्रीच्या गाडीनं वाशीमला आलो. गाडीत झोप आली नाही. त्या रात्रीचं हे लिखाण आहे, फक्त कागदावर यायला तीन महिने लागले.

आता आमच्या जिल्ह्याचं सांगतो. १९९८ साली अकोल्यातून कापून वाशीम जिल्हा केला, त्यात मानोरा तालुका, त्यात पोहरादेवी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथं. रामनवमीला देशभरातून बंजारे येतात. माझ्याबरोबर जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी लोटणारा पोरगा त्याच भागातल्या तांड्यावरचा. गठाण १७० किलोची असते, ती दोघांनी लोटली की माणसं आपोआप दोस्त होतात. त्याच्या आजीला मी याडी म्हणतो. गोरबोलीत याडी म्हणजे आई. ती त्याची आजी, पण सगळा तांडा तिला याडीच म्हणतो.

याडीचा फेटिया तीन वर्षांपूर्वी गेला. जुन्या कपड्यांवर भांडी देणारा येतो ना, तसा एक येऊ लागला, पण त्याला लुगडी-पॅन्टी नको होत्या. फेटिया, कांचळी, जुनी भरलेली थैली, एवढंच मागायचा. याडीला एक स्टीलची परात आणि वर २०० रुपये मिळाले. तांड्यावरच्या अकरा बायकांनी दिलं. पिशवीवरचा तुकडा याडीच्याच फेटियाचा होता असं मी म्हणत नाही. ते शोधायला माझ्याकडं काही साधन नाही. पण तो भांडेवाला हे कापड विहिरीत टाकत नसणार. तांड्यावरून परातीला निघालेला फेटिया लॉनवर पिशवी होऊन लटकतो तेव्हा मधल्या वाटेवर कितीतरी हात त्यातून खातात, आणि त्या सगळ्या हातांना नाव असतं. दुकानाचं, ब्रँडचं, मेळ्याचं. ज्या हातानं टाका घातला त्या हाताला नसतं.

पुण्याहून आल्यावर मी याडीकडं गेलो. आणि तिथं मी जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

मी आंबेडकरवादी. मला शिकवलेलं पाठ. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांची सभा घेतली. जातीची खूण अंगावर वागवू नका म्हणाले. लुगडं इतर बायकांसारखं नेसा, अस्पृश्य म्हणून ओळखू येणारे ते जडशीळ दागिने टाका. आमच्या पणजीनं कथलाच्या पाटल्या काढून टाकल्या, ही गोष्ट आमच्या घरात सणासारखी सांगतात. तर मी याडीला म्हटलं, तो फेटिया गेला ते बरंच झालं. गुलामीची खूण होती. परात तरी कामाची.

याडी कांदा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"गुलामीची व्हय?" म्हणाली. "तुले कोनं सांगतलं? मी फेटिया सोडला थो निंदायले जड होये म्हनून. वावरात दिवसभर वाकाचं, चिखलात घोळ भिजे. लाजेनं नाई सोडला बापू. लाज त्याइले वाटाची ज्याइनं पाह्यलं." मग थोडं थांबून म्हणाली, "माह्या सासूच्या टायमाले फेटिया दिसला का पोलिसाले चोर दिसे. तांडा आला, मोजनी करा. आता पुन्याच्या पोरीच्या खांद्यावर दिसते म्हंतं, तं चोर कोन हाये आता?"

दोस्तहो, या बाईनं माझ्या तीन वर्षांच्या वाचनाला एका वाक्यात आडवं केलं.

पोलिसाचं तिनं काही रचून सांगितलेलं नाही. बंजारा म्हणजे लदेणी. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दख्खन ते उत्तर चालणारा माणूस. त्याच्याशिवाय बादशहाच्या फौजा उपाशी मेल्या असत्या. मग रेल्वे आली. १८६७ ला वऱ्हाडातून ती नागपूरला पोचली. बैलाची पाठ रिकामी झाली. आणि १८७१ ला इंग्रजांनी कायदा केला, की काही जमाती जन्मतःच गुन्हेगार. तो कायदा पुढं देशभर पसरला आणि भटकणारा प्रत्येक तांडा त्याच्या सावलीत आला. आधी धंदा काढून घेतला, मग धंदा नाही म्हणून चोर ठरवलं. तो कायदा १९५२ ला गेला. तेव्हापासून विमुक्त म्हणतात. महाराष्ट्रात विमुक्त जात, कर्नाटकात तोच माणूस अनुसूचित जात, तेलंगणात तोच अनुसूचित जमात. बाईचा टाका मात्र तिन्ही राज्यांत सारखा आहे.

आणि बाबासाहेबांचं म्हणाल तर मी परत वाचलं. माझीच चूक. बाबासाहेब खूण टाका म्हणाले, कारण ती खूण दुसऱ्यानं लादलेली होती. काय अंगावर घालायचं हे माझी पणजी ठरवील, गाव नाही, एवढा त्याचा अर्थ. हात तोडून टाका असं ते कधी म्हणाले? मी मात्र याडीच्या हातातलं कसबच गुलामी ठरवून मोकळा झालो. भांडेवाल्यानं निदान परात तरी दिली. मी तेही दिलं नाही, वर भाषण दिलं.

आता मुद्द्यावर येतो. हँडमेड म्हणजे काय?

जगात हातानं न केलेलं आहे काय मला दाखवा. भारतातला सगळा कापूस हातानं वेचला जातो. बोंडाच्या टोकदार नखांनी बायांच्या बोटांची सालं निघतात, आणि वेचणी किलोवर. त्या बोटांनी वेचलेला कापूस आमच्या जिनिंगमध्ये येतो, सरकी निघते, रुईची गठाण होते, त्यावर जिनिंगचा मार्का आणि नंबर लागतो. मग सूत, कापड, शर्ट. त्या शर्टावर कुणी हँडमेड लिहीत नाही. पण त्याच शर्टावर शहरातल्या बाईनं रविवारी बसून एक फूल भरलं, की तो हँडमेड. म्हणजे हात मोजायला सुरुवात कुठून होते बघा. जिथं जातीचा हात संपतो तिथून.

शहरातल्या पोरीनं चाकावर मातीचा कप केला, ती कलाकार. कुंभारानं केला, तो कुंभार. तिनं नोकरी सोडून चामड्याच्या पिशव्या शिवल्या, ती धाडसी. चांभाराच्या पोरानं नोकरी मागितली, तर त्याला म्हणतात तुझा पिढीजात धंदा काय वाईट आहे? तिच्यासाठी ते हौस आहे, कारण तिला ते सोडता येतं. आम्हाला सोडता येत नव्हतं म्हणून ती जात होती. कामात फरक नाही. सोडण्याच्या सोयीत आहे.

दिवाळीचा बाजार घ्या. वाशीमच्या रस्त्यावर आमची मातंग मावशी शिंदीचे फडे घेऊन बसते. पुस्तकात केरसुणी म्हणतात, आमच्याकडं फडा. नाल्याकाठच्या शिंदीची पानं तोडायची, वाळवायची, चिरायची, पिळून बांधायची. काट्यानं तळहात चिरतात. लक्ष्मीपूजनाला तोच फडा लक्ष्मी म्हणून पुजतात. हळदकुंकू लागतं त्याला. ज्या मावशीनं ती लक्ष्मी बांधली तिला त्याच उंबऱ्याच्या आत पाणी मिळालेलं नाही, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, नव्यानं सांगत नाही. सांगायचं हे, की त्या फड्याला लोक भाव पाडून मागतात. साठचा चाळीसला दे मावशी. कोण पाडतं? मास्तर पाडतो, तहसीलमधला कारकून पाडतो. आणि आपला शिकलेला, निळा मफलर घातलेला भाऊसुद्धा पाडतो. मी पाडलाय. पुण्याच्या त्या लॉनवर गवताची टोपली सस्टेनेबल म्हणून नऊशेला होती, तिथं कुणी भाव पाडत नव्हतं. तिथं भाव पाडणं गावंढळपणाचं.

आता आपल्या चळवळीतल्या दोन टोळ्यांशी भांडतो. दोन्हीत माझे मित्र आहेत, रागावले तर रागावोत.

पहिली टोळी म्हणते, हे सगळं सोडा. फडा, टोपली, चप्पल, टाका, हलगी, सगळं जातीचं ओझं. पोरांना कॉम्प्युटर शिकवा. बरोबर. शिकवा. पण साठ वर्षांच्या याडीला काय शिकवता? आणि सोडा म्हणताना आपण कुणाला सोडून देतो, पाहिलं का? बाईला. पुरुषानं बैल सोडले, ट्रकवर गेला, ऊसतोडीला गेला, जिनिंगला आला. टाका बाईजवळ राहिला. रात्रीचं सगळं आटोपल्यावर, चिमणीच्या उजेडात. आरशाला छिद्र नसतं, त्याला दोऱ्याच्या आडव्या-उभ्या फासात धरायचं आणि मग गोल गोल टाका घालत कडा बांधायची. सैल झाला तर आरसा गळतो, आवळला तर कापड गोळा होतं. हे कोणत्याही शाळेनं तिला शिकवलं नाही. बाईच्या ज्ञानाला ओझं म्हणणारा माझा मित्र स्वतः कविता लिहितो. मीही लिहितो. कवितेला आपण जातीचं ओझं म्हणत नाही.

याच टोळीतला एक म्हणाला, बंजाऱ्यांचं बंजारे पाहतील, तू बौद्ध, तुला काय? त्याला एवढंच सांगतो, १९७३ चा पँथरचा जाहीरनामा काढून वाच. दलित कोण, याच्या व्याख्येत अनुसूचित जाती-जमाती आहेत, बौद्ध आहेत, कष्टकरी आहे, भूमिहीन आहे, बाई आहे. ती व्याख्या भिंतीवर लावायची आणि तांड्यावर जायचं नाही, हे कसलं पँथरपण?

दुसरी टोळी नवी आहे. तिच्याकडं मोबाईल आहे आणि ती म्हणते, ब्रँड करा. आपला माल, आपलं लेबल, जगात विका. मला ही टोळी जास्त आवडते, म्हणून तिच्याशी जास्त भांडण. लेबल लावलं की हात सुटतो, असं कुणी सांगितलं?

कोल्हापुरी चपलेचं पाहा. २०१९ ला तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना. नोंदणी दोन महामंडळांच्या नावावर. इकडं आपलं संत रोहिदास महामंडळ, तिकडं कर्नाटकाचं लिडकर. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तीच चप्पल चालवली आणि नाव दिलं, चामड्याची सँडल. कोल्हापूर नाही, चांभार नाही. ओरड झाली, मग कंपनीनं कबूल केलं की होय, प्रेरणा भारतातली. कोर्टात जनहित याचिका गेली, उच्च न्यायालयानं जुलैत ती फेटाळली. दाद मागायची तर नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्यानं मागावी. म्हणजे चप्पल शिवणारा स्वतःच्या चपलेच्या खटल्यात तिऱ्हाईत! डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीनं दोन्ही महामंडळांशी करार केला. २,००० जोड इथंच करून घेणार, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर. काही कारागिरांना काम आणि शिक्षण मिळेल. मिळू द्या, मी त्यावर थुंकणार नाही. पण सगळीकडं किंमत छापून आली. त्या ऐंशी हजारांतले शिवणाऱ्या हाताला किती, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही. आणि ज्या राज्यानं २०१५ ला बैलाच्या कत्तलीवर बंदी घालून चांभाराच्या हातातलं कातडं काढून घेतलं, तेच राज्य आता त्याच चपलेच्या अभिमानानं फुगलेलं आहे.

मानांकन नावाचं रक्षण करतं. मजुरीचं करत नाही. हे ज्याला कळलं नाही त्यानं ब्रँडचं बोलू नये.

आणि सरकारची दुसरी मेहेरबानी. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना निघाली. अठरा धंदे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, टोपली-झाडू करणारा. १५,००० चं अवजारांचं कूपन, शिकताना दिवसाला ५००, आधी १ लाख मग २ लाख कर्ज, व्याज ५ टक्के. पैसा घ्या. ज्याला हवा त्यानं जरूर घ्या, आपल्या घामाचा कर आहे तो. पण अर्जातला शब्द वाचून घ्या : कुटुंबावर आधारित पारंपरिक व्यवसाय. कुटुंबावर आधारित म्हणजे बापाचा. बापाचा म्हणजे जातीचा. १९५३ ला राजाजींनी मद्रास राज्यात हेच केलं होतं. पोरानं अर्धा दिवस शाळेत बसायचं, अर्धा दिवस बापाचा धंदा शिकायचा. पेरियारांनी रान उठवलं, वर्षभरात राजाजींना जावं लागलं, १९५४ ला योजना गुंडाळली. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारनं विश्वकर्मा आहे तशी राबवायला नकार दिला, यात नवल नाही. त्यांना आठवण होती. आपल्याला फॉर्म भरायची घाई होती. आणि गंमत म्हणजे याडीसाठी त्या अठरांत रकानाच नाही. शिंपी आहे, भरतकाम नाही.

मग पोहरादेवीचं बोला, म्हणाल. बोलतो. तिथं मोठं वस्तुसंग्रहालय झालंय, नंगाऱ्याच्या आकाराचं, ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. मी पाहून आलो. बंजाऱ्यांचा इतिहास कुणीतरी इमारतीत मांडला याचा मला आनंदच झाला. आमच्या लोकांना स्वतःचं असं काही मिळायला किती वर्षं लागतात हे मला कळतं. पण देवीच्या रस्त्यावर रामनवमीला जी दुकानं लागतात त्यात मशीनवर भरलेले बंजारा ड्रेस टांगलेले असतात, प्लास्टिकचे आरसे, चकाकणारा दोरा. तांड्यावरच्याच पोरी ते घेतात, नाचात घालतात. का घेणार नाहीत? स्वस्त आहे, हलकं आहे, याडीचं दुखणं त्यात नाही. खरं कापड पुण्याला, खोटं कापड तांड्याला. उलटा बाजार!

आमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्यानं अजिंठ्याची १६ क्रमांकाची लेणी बुद्धाला दान केली. शिलालेख आहे, वराहदेवाचं नाव आहे, राजाच्या घराण्याची वंशावळ आहे. आयुष्यभर छिन्नी चालवून ज्यानं ते लेणं काढलं त्याचं नाव त्या लेखात नाही. दान देणारा राहिला, करणारा गेला. पण त्याच्याही चार-पाचशे वर्षं आधीच्या सांचीला जा. दक्षिण तोरणावर लिहिलंय, की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य, आनंद नावाचा, आपलं नाव टाकून गेला. हस्तिदंत कोरणारे! आज ज्यांना मेळ्याच्या दारात उभं करत नाहीत त्यांनी स्तूपाच्या तोरणावर सही केलीय. म्हणजे हे कधीच होत नव्हतं असं नाही. बौद्धांच्या दगडावर होत होतं. मग बौद्ध म्हणवणाऱ्या माझ्या-तुमच्या कागदावर का होऊ नये?

मी परत याडीकडं गेलो. या वेळी भाषण नव्हतं, वही होती. मी म्हटलं, याडी, तू पुन्हा भर. मी चिठ्ठी लिहीन. कुणी भरलं, कुठं भरलं, किती दिवस लागले, हातात किती मिळाले. ही चारही उत्तरं चिठ्ठीवर. लॉनवाल्यांनाही हेच विचारायचं, दारात उभं राहून, दर वर्षी. उत्तर नसेल तर त्या मालाला हँडमेड म्हणू नका, निव्वळ माल म्हणा.

याडीनं विचारलं, थो पुन्याचा तुकडा केवढा होता? मी हातानं दाखवला. म्हणाली, "तेवढ्याले पंधरा दिस. दिवसभर बसलं तं. रातीचं केलं तं दोन मयने." मग म्हणाली, "तुले जिनात रोज किती?"

"साडेचारशे."

ती बोटांच्या पेरांवर मोजत बसली. मीही मनात मोजत होतो. तिचं आधी झालं.

"पावने सात हजार. नुसता रोज. दोरा, काच, कवडी वेगळी," याडी म्हणाली. "मंग थे पोरगी सस्तं इकून राह्यली!"

इथं माझं सगळं गणित फिरलं. तीन महिने मी पाच हजार चारशेवर जळत होतो. जास्त आहे म्हणून. लुटतात म्हणून. लुटतातच. पण मला ती किंमत जास्त का वाटली? कारण याडीचा दिवस फुकट धरूनच मी हिशेब केला होता. मेळेवालीनं जो हिशेब केला तोच. तिचं आणि माझं भांडण फक्त मधला पैसा कुणी खावा यावर होतं. याडीच्या दिवसाला माझ्या दिवसाएवढी किंमत आहे, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हतं. आणि मी गठाणी लोटणारा, मजूर संघटनेची पावती खिशात घेऊन फिरणारा माणूस.

पावणेसात हजाराला वाशीममध्ये कोण घेणार? कुणी नाही. मला उत्तर नाही. आमच्या दोस्तानं सुचवलं, आधी छोटं भरू, मोबाईलची थैली, दोन दिवसांचं काम, नऊशे रुपये. याडी म्हणाली नऊशे नाही, साडेनऊशे, दोऱ्याचे पन्नास. तिच्याबरोबर आणखी चार बायका बसायला तयार आहेत. एकीनं अट घातली की चिठ्ठीवर नाव तिचं लिहायचं, नवऱ्याचं नाही, आणि आडनाव तर मुळीच नाही. दुसरी म्हणाली, माझी पोरगी हे शिकणार नाही, ती नर्सिंगला जाणार, हे आधी लिहून घे. लिहून घेतलं. वहीच्या पहिल्याच पानावर आहे.

रामनवमीला पोहरादेवीच्या रस्त्यावर आम्ही ताडपत्री टाकून बसणार आहोत. जागेचे पैसे जमवायचे आहेत, चिठ्ठ्या लिहायला चांगल्या अक्षराची दोन माणसं हवीत. मातंग मावशीलाही फडे घेऊन बोलावलंय. ती म्हणाली दिवाळीशिवाय फडा कोण घेतो, पण येते. ज्यांना यायचं त्यांनी यावं. येताना भाव पाडायची सवय घरी ठेवून यावं.